मेलेल्या ॲशखाली काय उगवतं?

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं मिशिगनातल्या ह्यूरन नदीकाठी एका मेट्रोपार्कात सहलीला गेलो होतो. भेळ संपत आली, मुलं पाण्याकडे पळाली आणि मोठ्यांचा विषय कसा कोण जाणे ॲशच्या झाडांवर आला. एक मित्र सभोवार हात फिरवून म्हणाला, "आठवतं ना, वीस वर्षांपूर्वी त्या किड्यावरून केवढा गहजब झाला होता? कोट्यवधी झाडं मेली म्हणे. मेली असतील. पण बघा की, रानाला कुठे भोक पडलंय का? निसर्ग आपलं आपण बघून घेतो." दुसऱ्या गृहस्थांनी अंगणातले तीन ॲश पदरमोड करून पाडले होते, ते उसळलेच. "किडा सापडला त्याच महिन्यात इथला एकूण एक ॲश तोडला असता, तर साथ पुढे सरकलीच नसती!" अर्धा तास दोघं एकमेकांना खोडून काढत राहिले. हा वाद मी शेजाऱ्यांच्या ओसरीवर ऐकलाय, टाउनशिपच्या बैठकांत ऐकलाय, रोपवाटिकेच्या रांगेत ऐकलाय. दर वेळी दोन्ही पक्ष एकाच जागी घसरतात. दोघंही किड्याबद्दल बोलतात. रानाबद्दल कोणीच बोलत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कोणतं झाड मरणार, एवढंच कीड ठरवते. त्याच्या जागी काय उगवणार हे तिच्या हातात नसतं. ते ठरतं मेल्या झाडाखाली आधीपासून काय उभं होतं त्यावर, त्याचे शेंडे कोण खातं त्यावर, जमिनीतल्या पाण्यावर आणि माणसाच्या कुऱ्हाडीवर. यातलं बरंचसं आपल्या आवाक्यात असतं. तरी आपला पैसा, राग आणि सभांचा वेळ मात्र किड्यावर खर्च होतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

ज्यांनी हा किडा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमराल्ड ॲश बोअरर हा पाचूसारखा चमकणारा, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा भुंगेरा. मूळचा पूर्व आशियातला. चीनकडून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा, असं मानलं जातं. २००२ मध्ये तो डेट्रॉइटच्या परिसरात ओळखला गेला. पण मेलेल्या झाडांच्या खोडांतली वर्षावर्षाची वर्तुळं मोजल्यावर लक्षात आलं की तो १९९०च्या दशकातच इथे मुक्कामाला आलेला होता, आणि साथीचं मूळ कँटनच्या आसपास होतं. कँटन म्हणजे आज आम्ही जिथे कढीपत्ता आणि थालीपिठाची भाजणी आणायला जातो, ते गाव. प्रौढ भुंगेरा पानं कुरतडतो, त्याने झाडाचं फारसं बिघडत नाही. घात करते ती अळी. सालीच्या आतल्या मऊ थरात ती नागमोडी बोगदे कोरते, अन्नरस वाहणारा रस्ता तुटतो आणि तीन ते पाच वर्षांत झाड वाळतं. ॲश हे पारिजातकाच्या आणि जाईजुईच्या कुळातलं झाड. आशियातला मांचुरियन ॲश या किड्याबरोबरच वाढलेला, त्यामुळे तो बऱ्यापैकी टिकतो. अमेरिकेतल्या पांढऱ्या, हिरव्या आणि काळ्या ॲशची या शत्रूशी कधी गाठच पडली नव्हती. आता हा किडा ३५ हून अधिक राज्यांत आहे, आणि २०२२ मध्ये तो पार पश्चिमेला ओरेगॉनात सापडला.

आता हिरवाईवाल्या मित्राकडे वळू. त्याची बाजू हलकी नाही. न्यू इंग्लंड बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॅसॅच्युसेट्सची निम्म्याहून जास्त जमीन शेतांनी आणि कुरणांनी उघडी पडली होती. शेतकरी पश्चिमेला गेले, गिरण्यांत गेले आणि माणसाने फारसं काही न करता जंगल परत आलं. आज तिथे रानात फिरताना मध्येच दगडी बांध लागतात, ते कुणाच्या तरी शेताचे. त्याहून बोलकं उदाहरण फ्रेझर फरचं. नॉर्थ कॅरोलिनात माउंट मिचेलवर १९५७ मध्ये युरोपातून आलेली एक सूक्ष्म कीड सापडली, आणि पुढच्या तीसेक वर्षांत दक्षिण ॲपलाशियन शिखरांवरचे मोठे फर वृक्ष उभ्या उभ्या पांढरे पडले. त्या काळी त्या शिखरांवर गेलेल्याला ते सांगाड्यांचं स्मशान वाटायचं. आज तिथे फरची तरणी झाडी इतकी दाट आहे की वाट सोडून आत शिरणं कठीण. कीड गेलेली नाही, तरीही फर आहे. मग ॲशचंही तसंच होईल, असं का म्हणू नये?

कारण सगळी गोष्ट एका शर्यतीवर ठरते: झाड बी आधी धरतं, की कीड त्याला आधी गाठते? फरची कीड झाडाच्या भेगाळलेल्या सालीत रमते, कोवळ्या गुळगुळीत सालीवर तिचं तितकंसं जमत नाही. आणि फरला पंधरा-एक वर्षांतच शंकू लागतात. म्हणजे मरायच्या आधी झाडाचा वंश जमिनीत पडलेला असतो. ॲशचं उलटं आहे. खोड अंगठ्याएवढं, अडीच सेंटिमीटर जाडीचं झालं की अळी त्यात शिरू शकते. बी धरायला मात्र ॲशला याहून पुष्कळ जाड व्हावं लागतं. ह्यूरन नदीच्या वरच्या पाणलोटातल्या उद्यानांमध्ये संशोधकांनी वर्षानुवर्षं झाडं मोजली. अडीच सेंटिमीटरच्या वरचे ९९ टक्क्यांहून जास्त ॲश मेलेले निघाले. नवं बी पडणं जवळजवळ थांबलं, आणि ॲशचं बी मातीत फार वर्षं जिवंत राहत नाही. खाली उरली ती आई-बाप मरायच्या आधी रुजलेली रोपं. या रोपांना तिथले शास्त्रज्ञ अनाथ पिढी म्हणतात. माझा मित्र हात फिरवून जी हिरवाई दाखवत होता तिच्यात ही अनाथ रोपंही होती. ती हिरवी आहेत हे खरंच. पण अंगठ्याएवढी झाली की त्यांचीही पाळी येणार.

दक्षिण मिशिगनातल्या काही जागी चित्र जरा बरं आहे, हेही सांगायला हवं. तिथे हिरव्या ॲशला बुंध्यातून फुटवे आले, काही फुटव्यांनी बी धरलं आणि पुन्हा रोपं दिसली. ॲश नामशेष होईल असं मी म्हणतच नाही. तो उरेल. पण मांडव धरणारा वृक्ष म्हणून उरेल की घाणेरीसारखा कमरेएवढा झुडूप होऊन, हा प्रश्न आहे. वृक्षाच्या छायेखाली ज्यांचं चाललं होतं त्यांना दोन्हींत फार फरक पडतो. ॲशवाचून ज्यांचं मुळीच भागत नाही अशा कीटकांच्या जाती चाळीसहून अधिक आहेत.

शिवाय भोक बुजलं, पण कशाने? चांगल्या ठिकाणी रेड मेपल, एल्म, रानचेरी आणि बासवुड यांनी ती जागा घेतली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाईट ठिकाणी, विशेषतः ओहायोत, मेलेल्या ॲशमधून खाली आलेल्या उन्हावर आशियाई हनिसकल फोफावलं. ते झुडूप वसंतात सगळ्यांच्या आधी पानावर येतं, शरदात सगळ्यांच्या शेवटी पानं टाकतं आणि त्याच्या दाट सावलीत दुसऱ्या कुठल्या झाडाचं रोप उठत नाही. दुरून बघाल तर हिरवंगार. आपल्याला हे दृश्य नवं आहे का? कोकणातल्या उघड्या पडलेल्या उतारांवर जे माजतं त्याला लोकांनी रानमोडी हे नाव उगाच दिलं नाही. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेली गिरिपुष्पाची झाडी वर्षातून काही महिने अशीच फसवी हिरवी दिसते, आणि तिच्याखाली फिरलेल्याला कळतं की तिथे दुसरं फार काही उगवत नाही. हिरवा रंग पाहून रानाची तब्येत सांगणं म्हणजे गाल लाल दिसले म्हणून ताप नाही असं ठरवणं.

हरणांवर जरा सविस्तर बोलतो, कारण या सगळ्या वादात ज्यांचं नाव घ्यायची कोणाची तयारी नसते ती हीच. मिशिगनात सुमारे २० लाख पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेसुमार शिकारीने ती संपत आली होती. मग कायदे आले, लांडगे मात्र राज्याच्या या दक्षिण भागात परत आले नाहीत, मका आणि उपनगरांतल्या बागा वाढल्या, आणि हरणांची चंगळ झाली. रानात ॲश मरून उजेड खाली येतो तेव्हा मेपलची आणि ओकची रोपं उसळी मारतात, आणि हरीण त्यांचेच शेंडे आधी खुडतं. बाहेरून आलेल्या काटेरी जपानी बार्बेरीच्या आणि बकथॉर्नच्या झुडपांना ते सहसा तोंड लावत नाही. म्हणजे शर्यतीत कोणी धावायचं आणि कोणाचे पाय बांधायचे हे हरीण ठरवतं. पेनसिल्व्हेनियात ॲलेगनी पठारावर वनखात्याच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात कुंपणं घालून प्रत्येक कुंपणात वेगवेगळ्या संख्येने हरणं ठेवली आणि दहा वर्षं रान मोजलं. जिथे हरणं जास्त, तिथे झाडांच्या जाती कमी, आणि जमीन नेच्यांनी झाकलेली. त्या प्रयोगात किड्याचा संबंधही नव्हता.

मराठी माणसाला हे सांगायला खरं तर प्रयोगाची गरज पडू नये. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथे डोंगर हिरवे झाले ते आधी झाडं लावून नाही. आधी चराईबंदी आली आणि कुऱ्हाडबंदी आली. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं ते पहारा बसवून, नियम घालून. जमिनीत खोडं आणि मुळं जिवंत होतीच, त्यांचे कोंब शेळीच्या तोंडी पडायचे थांबले एवढंच. मग मिशिगनात चराईबंदीचा विषय निघाला की सगळे गप्प का होतात? ॲन आर्बर शहराने २०१६ पासून काही हिवाळे नेमबाज लावून हरणांची संख्या कमी करायचा प्रयत्न केला, तेव्हा शहर दुभंगलं होतं. विरोध करणाऱ्यांची बाजू मला समजते. अंगणात पाडसं घेऊन येणारी हरणी पाहून माझ्या मुलीने तिला नाव ठेवलं होतं, मी काय सांगणार? पण एका बाजूला किड्यामुळे रान गेलं म्हणून हळहळायचं आणि दुसऱ्या बाजूला त्याच रानाचं उद्याचं प्रत्येक रोप खाणाऱ्या प्राण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, यात भूतदयेपेक्षा सोयच जास्त दिसते. गोळी नको असेल तर कुंपण घाला. निदान जिथे ॲश मेलेत तिथली काही एकरं दहा-पंधरा वर्षं बंद ठेवा. कुंपणाला खर्च येतो हे खरं, पण मेलेली झाडं पाडायला येतो त्याच्यापुढे तो किती?

पाडण्याचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या गृहस्थांचं म्हणणं घेऊ. त्यांचा भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. मेलेला ॲश फार लवकर ठिसूळ होतो. घरावर, रस्त्यावर, शाळेच्या मैदानाशी उभा असलेला मेला ॲश पाडायलाच हवा, त्यात चर्चेला जागा नाही. ज्याची पाच एकर झाडी हीच मुलीच्या शिक्षणाची पुंजी आहे, त्याने लाकूड सडायच्या आत विकलं तर त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण गृहस्थांचा दावा याच्या पुढचा होता: सगळे तोडले असते तर साथ थांबली असती. हे करून पाहिलेलं आहे. कॅनडात ओंटारियोच्या चॅटम-केंट भागात, दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, २००३-०४च्या हिवाळ्यात सुमारे १० किलोमीटर रुंदीची आडवी पट्टी ॲशरहित करण्यात आली. हजारो निरोगी झाडं पडली. किडा पलीकडे निघालाच. मिशिगन आणि ओहायोत सापडलेल्या प्रत्येक ठिकाणाभोवतीचे ॲश कापण्यात आले, तरी तो पुढे गेला. साप म्हणून भुई धोपटली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय कृषी खात्याने ॲशच्या लाकडाच्या वाहतुकीवरचे निर्बंधही उठवले.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात अमेरिकन चेस्टनटवर एक परदेशी बुरशी दिसली. पेनसिल्व्हेनियाने १९११ मध्ये खास आयोग नेमला, बाधित झाडं तोडत ती रोखायचा प्रयत्न केला आणि दोन वर्षांत हात टेकले. पुढे पुढे मालकांनाच झाडं मरायच्या आत तोडून घ्या असा सल्ला मिळत गेला. अब्जावधी चेस्टनट गेले. त्यांच्यात बुरशी पचवणारे किती होते? ते कधीच कळणार नाही, कारण त्यांना मरायची किंवा जगून दाखवायची संधीच मिळाली नाही. तोडीचं खरं नुकसान हे आहे. ॲशमध्ये ही गोष्ट आता समोर दिसते आहे. आजूबाजूचे ९५ टक्के ॲश मरून दोन वर्षं उलटल्यावरही एखादा मोठा ॲश हिरवा उभा असतो. शेकड्यात एकही नाही, पण असतो. ओहायोत डेलावेअरच्या केंद्रात वनखात्याचे संशोधक अशा चिवट झाडांच्या फांद्या आणून कलमं करतात, त्यांचा आपसात संकर करतात. काही संततीत अळ्या जगण्याचं प्रमाण कमी निघालं, आई-बापांहूनही कमी. ही झाडं २००५ मध्ये 'खबरदारी म्हणून' तोडली असती तर आज कलमाला काडी मिळाली नसती.

मॅसॅच्युसेट्सच्या हार्वर्ड फॉरेस्टमधलं, म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधनाच्या जंगलातलं काम या बाबतीत प्रत्येक वनमालकाला वाचून दाखवायला हवं. तिथला शत्रू वेगळा: जपानातून आलेला, हेमलॉक या सूचिपर्णी झाडाच्या पालवीखाली कापसासारखी पुटं धरणारा लोकरी किडा. व्हर्जिनियात तो १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसला होता आणि मग हळूहळू उत्तरेकडे सरकला. तो येतोय म्हटल्यावर लोकांनी हेमलॉक आधीच विकायला काढले. तिथल्या डेव्हिड फॉस्टर आणि डेव्हिड ऑर्विग या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं की किड्याने हळूहळू मारलेल्या रानापेक्षा घाईने तोडलेल्या रानात माती, पाणी आणि नत्र यांची उलथापालथ जास्त होते, आणि काहीच न करणं हाही एक शहाणा पर्याय असू शकतो. त्याच फॉरेस्टमध्ये १९९० मध्ये एक भलताच प्रयोग झाला होता. १९३८च्या महावादळाने न्यू इंग्लंडची जंगलं आडवी केली होती, आणि मग सरकारने पडलेलं लाकूड ओढून काढायची प्रचंड मोहीम चालवली होती. रानाचं जे बिघडलं ते वादळाने की मोहिमेने? हे पाहायला संशोधकांनी दोन एकरांवरची मोठी झाडं दोराने ओढून पाडली आणि तशीच सोडून दिली. पडलेली बरीच झाडं पुढे काही वर्षं पालवत राहिली, खालची रोपं उठली, आणि नदीनाल्यांत वाहून जाणारं नत्र फारसं वाढलंच नाही. म्हणजे रोग परवडला, पण औषध नको.

इथे माझीच बाजू थोडी कापून घेतो. 'हात लावू नका' हा मंत्र सगळीकडे चालत नाही. मिनेसोटाच्या उत्तरेला काळ्या ॲशची दलदलीतली रानं आहेत, दहा लाख एकरांच्या आसपास. तिथे तो जवळजवळ एकटाच मांडव धरून असतो, आणि जमिनीतलं पाणी पानांवाटे उपसून हवेत सोडायचं काम तोच करतो. तो मेला की उन्हाळ्यातही पाणी वर उभं राहतं आणि झाडाऐवजी लव्हाळी आणि आल्डरची झुडुपं माजतात. रान जाऊन पाणथळ उरतं. पूर्ण तोडीने पाणी आणखी वर येतं, हे तिथल्या प्रयोगांत दिसलं. म्हणून तिथले वनसंशोधक किडा पोचायच्या आधीच, जिवंत ॲशच्या छायेत, स्वॅम्प व्हाइट ओक, हॅकबेरी आणि रोगाला दाद न देणारे एल्म लावून पाहताहेत. हे मला पटतं. इथे आधी हात घालणं योग्य, कारण इथे खाली वाट बघणारा दुसरा कोणी नाहीच. आणि तिथे जी गोष्ट जाते ती कुठल्याच ओकने भरून निघत नाही. अनिशिनाबे, मोहॉक, वाबानाकी या मूळनिवासी लोकांचे टोपलीकार काळ्या ॲशचा ओंडका कुटून कुटून त्याची वर्षावर्षाची वर्तुळं पट्ट्यांसारखी सोडवतात आणि त्यांच्या टोपल्या विणतात. आपल्या बुरुडाला उद्या कोणी म्हणालं की बांबू गेला पण त्या जागी छान आंबा आलाय, तर त्याने काय उत्तर द्यावं?

कीड मारायचा मार्गच नाही का? आहे, आणि त्याला मी विरोध करत नाही. २००७ पासून मिशिगनात चीनमधल्या परोपजीवी गांधीलमाश्या सोडल्या जातात, मुंगीहून लहान. त्यांतली एक किड्याच्या अंड्यांत अंडी घालते, म्हणजे ऊस-कापसात आपले शेतकरी ट्रायकोकार्ड लावतात तोच प्रकार. दुसरी सालीतून आपली नळी खुपसून आतली अळी गाठते. तिची नळी आखूड, त्यामुळे साधारण बारा सेंटिमीटरपेक्षा जाड झाडाच्या सालीतून ती पोचत नाही. पण वर सांगितलेली शर्यत आठवा: धोका अडीच सेंटिमीटरपासून सुरू होतो आणि बी नंतर येतं. नेमक्या त्या मधल्या पट्ट्यात ही माशी अनाथ रोपांना हात देते. परदेशी कीड मारायला परदेशी कीटक आणण्याची भीती रास्त आहे. हवाईत उसातल्या उंदरांसाठी मुंगूस आणलं आणि ते पक्ष्यांच्या अंड्यांवर तुटून पडलं, हे विसरायचं नसतं. एका यजमानापुरत्याच मर्यादित माश्यांची वर्षानुवर्षं चाचणी होते ती यासाठीच. आणि आपला अनुभवही आहे. २००२ मध्येच, इकडे हा भुंगेरा सापडला त्याच वर्षी, सांगलीच्या उसावर लोकरी मावा पसरला होता. फवारण्यांनी तो आटोक्यात आला नाही, डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी आणला. फक्त एक फरक ध्यानात ठेवायचा. ऊस पुढच्या हंगामात माणूस लावतो. रान कोणी लावत नसतं.

म्हणून कीड आटोक्यात आली की जंगल आपोआप परतेल, ही तिसरी भाबडी समजूत. हवाईच्या कोरड्या रानातला विलिविली हा आपल्या पांगाऱ्याचा सख्खा भाऊ. २००५ मध्ये तिथे गाठी करणारी एक सूक्ष्म माशी पोचली आणि झाडं सुजून, निष्पर्ण होऊन मरू लागली. याच माशीने पुढच्या वर्षी केरळात पांगाराही गाठला. हवाईने टांझानियातून तिचा शत्रू शोधून आणला, २००८ मध्ये सोडला, आणि मोठी झाडं बऱ्यापैकी सावरली, पुन्हा फुलली. यश! पण त्यांच्याखाली रोपं कुठे आहेत? बी दुसरा एक किडा पोखरतो, उगवलेलं बकऱ्या खातात, उरलेलं आफ्रिकी गवत दाबतं आणि मग त्या गवताला वणवा लागतो. वायकोलोआला जिथे लोकांनी कुंपण घातलं आणि हाताने गवत काढलं, तिथेच नवे विलिविली उभे राहताहेत.

शहरांबद्दल दोन वाक्यं, कारण तिथे आम्ही मूर्खपणाची पुनरावृत्ती करतो आहोत. डेट्रॉइटच्या रस्त्यांवर पूर्वी एल्मच्या कमानी होत्या, त्या डच एल्म रोगाने गेल्या. त्यांच्या जागी एकजात ॲश लावले, ते या भुंगेऱ्याने नेले. आणि आता माझ्या गल्लीत ओळीने मेपल आहेत, तर ओहायोतल्या एका काउंटीत २०११ पासून मेपलचा कर्दनकाळ असलेला आशियाई भुंगेरा ठाण मांडून आहे.

"निसर्गाला वेळ द्या" म्हणणाऱ्यांना शेवटी एवढंच विचारतो: किती वेळ? तळ्यांच्या गाळातले परागकण सांगतात की सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी पूर्व अमेरिकेतला हेमलॉक अचानक कोसळला होता. किड्याने की दुष्काळाने, यावर अजून वाद आहे. तो परत आला, हे खरं. पण त्याला हजार वर्षांहून जास्त लागली, आणि तेव्हा वाटेत ना बकथॉर्न होतं, ना उपनगरं.

तेव्हा ज्यांच्याकडे थोडीफार झाडी आहे अशा आपल्या लोकांना माझी एक मागणी आहे. पाडणाऱ्याला फोन करायच्या आधी जूनमध्ये एकदा रानातून चालून या. आजूबाजूचे सगळे ॲश वाळून दोन वर्षं झाली असतील आणि त्यांत एखादा मांडीएवढ्या खोडाचा ॲश वरपर्यंत हिरवा दिसला, तर त्याला रिबन बांधा, जागा टिपून ठेवा आणि वनखात्याला कळवा. जवळपास अंगठ्याएवढी रोपं असतील तर त्यांच्याभोवती पाच फूट उंचीची जाळी लावा. आमच्या त्या अंगणवाल्या गृहस्थांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मागच्या ओढ्याकाठी एक आहे बहुतेक, पाडणाऱ्याची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. ती त्यांनी पुढे ढकलली आहे, अजून रद्द केलेली नाही.